हुरमुंजीची पाटी

त्या दिवशी आईच्या अंगाला रंग नव्हता.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. गुरुवार होता, गोडाऊनची सुट्टी. ऑफिस मात्र अर्धा दिवस चालू असायचं. आई सकाळी डोक्यावरून न्हाली होती. जयंतीला नेसायची ती निळ्या काठांची पांढरी साडी नेसली होती. चपला धुतलेल्या. हातात सरकारी दवाखान्यातली चिठ्ठी. धायरीतल्या त्या गोडाऊनमध्ये सात वर्षं ती रंगाची पावडर भरत होती, आणि सात वर्षांत पहिल्यांदा ऑफिसच्या दारातून आत आली होती.

मी आतच होते, कॉम्प्युटरसमोर. त्या ऑफिसात मी टायपिस्ट होते.

मॅनेजर साहेबांनी मान वर केली. चेहऱ्यावर हसू. आवाज नेहमीसारखाच मऊ.

"या, या मावशी. बसा. थांबा हं, एक मिनिट."

टेबलावरचा सकाळचा पेपर त्यांनी उचलला, उलगडला आणि समोरच्या खुर्चीवर अंथरला. कडा सारख्या केल्या.

"हं, आता बसा. काय आहे, रंग लागतो हो. कव्हरं नवीन आहेत."

आईने साडीकडे बघितलं. कुठे डाग राहिलाय का म्हणून पदर उलटा करून बघितला. तळहात उलटेसुलटे केले. मीसुद्धा माझ्या जागेवरून तिच्या साडीवर डाग शोधला, आणि याची मला आजही लाज वाटते. डाग नव्हता. एकही नव्हता.

ती बसली नाही. उभीच राहिली. चिठ्ठी पुढे केली.

साहेबांनी चिठ्ठी वाचली. छातीत धूळ साठली आहे, धुळीचं काम देऊ नये, द्यायचंच तर नाकातोंडाला मास्क द्यावा, असं डॉक्टरांनी लिहिलं होतं.

"डॉक्टरांचं काय जातंय लिहायला," साहेब म्हणाले. "मावशी, हुरमुंजी म्हणजे काही विष नव्हे. आमच्या आजोळी जमीन याच रंगाची होती. पिढ्यान् पिढ्या जेवलो तिच्यावर बसून. आणि आपल्याकडे रंगाच्या कंपनीचा कागद आहे की. काय काळजी घ्यायची ते सगळं पाटीवर लिहिलंय, मराठीत. तुमच्याच मुलीनं लिहिलंय. आहे का त्यात मास्क?"

आई माझ्याकडे वळली.

"खरंच न्हाई का गं त्या कागदात?"

मी म्हणाले, "नाही."

आईने मान हलवली, चिठ्ठीची घडी घालून पिशवीत ठेवली आणि गेली. साहेबांनी खुर्चीवरचा पेपर उचलला आणि त्यातलं शब्दकोडं सोडवायला घेतलं.

घरी मी "न्हाई" म्हणते. "हाय" म्हणते. ऑफिसात लागल्यावर पहिल्या महिन्यात मी ते दोन्ही शब्द जिभेवरून खरवडून काढले होते. त्या दिवशी मी आईशी पहिल्यांदा ऑफिसातल्या मराठीत बोलले. शुद्ध बोलले आणि खोटं बोलले.

हुरमुंजी म्हणजे लाल रंगाची पावडर. लोखंडाच्या गंजाच्या जातीचीच, पण मैद्याहून बारीक. ऑफिसात तिला "मटेरियल" म्हणायचे. आई आणि बाकीच्या बाया हुरमुंजीच म्हणायच्या. बहुतेक लालच असायची, पण काळी आणि पिवळीही यायची. मोठ्या गोण्या यायच्या, त्या फोडून लहान पिशव्यांत भरायच्या, वजन करायचं, तोंड शिवायचं, थप्पी लावायची. तेव्हा हिंजवडीकडे कंपन्यांच्या काचेच्या इमारती उठत होत्या. त्यांच्या आवारात चालायला लाल-पिवळे ठोकळे बसवायचे, आणि त्या ठोकळ्यांत हा रंग जायचा. पेपरात त्या इमारतींचे फोटो यायचे. पुणे बदललं, असं सगळे म्हणत होते. खोटं नव्हतं ते. माझ्यासारखी पोरगी कॉम्प्युटरवर बसली होती, म्हणजे बदललंच होतं.

पण गोणी फोडली की धुरळा उठायचा तो उठायचाच. पंखा लावला तर माल उडतो, म्हणून पंखा बंद. नाकाला पदर. संध्याकाळी खराट्याने झाडून काढायचं, की खाली बसलेलं सगळं पुन्हा वर. आई थुंकायची ते लाल. उशीचा अभ्रा लाल. घरी आल्या आल्या ती मोरीत बसायची आणि अंगावरचं पाणी लाल होऊन बाहेरच्या गटारात जायचं. शेजारची म्हातारी गटार बघून सांगायची, "आली गं तुझी आई." लहानपणी मला याचं हसू यायचं.

हात धुवायला गोडाऊनच्या फाटकाजवळ एक पिंप होतं. चौदा बाया, एक पिंप, एक डबडं. दुसरीने हात धुतले की पाणी लाल. त्याच पाण्याने धुतलेल्या हातांनी भाकरी मोडायची. भाकरीच्या कडेला बोटं उमटायची. ऑफिसात पांढरं बेसिन होतं, त्याला चोवीस तास पाणी. एकदा एक बाई तिकडे गेली तर साहेब अगदी हळू आवाजात म्हणाले होते, "अहो, तिकडे नको. बेसिनला रंग लागतो."

रागावून कधी बोलायचे नाहीत ते. शिवी तर कधीच नाही. "अहो" आणि "हो" लावल्याशिवाय त्यांचं वाक्य पुरं व्हायचं नाही. माझ्या मुलाखतीत आधी आडनाव विचारलं, मग मूळ गाव विचारलं, मग "बरं, बरं" म्हणाले. त्या "बरं, बरं"मध्ये काय असतं ते आमच्या वस्तीतल्या पोरांना कुणी शिकवावं लागत नाही. तरी नोकरी दिली. टायपिंग चांगलं होतं आणि आईने इतक्या वर्षांत एक खाडा केला नव्हता.

मला ते बेसिन वापरायला मिळायचं. पहिल्या दिवशी मी तिथे हात धुतले, मोगऱ्याच्या वासाच्या साबणाने. हात स्वच्छच होते. तरी दोनदा धुतले. खिडकीतून पिंपापाशी वाकलेली आई दिसत होती. मी खिडकीकडे पाठ केली.

आता पाटीचं सांगते.

ठोकळे बनवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. माल हाताळणाऱ्या कामगारांना सुरक्षेच्या सूचना त्यांच्या भाषेत दिल्या आहेत, याचा पुरावा हवा होता. साहेबांनी मालाबरोबर रंगाच्या कंपनीकडून आलेला मूळ इंग्रजी कागद माझ्या पुढ्यात टाकला. "तुमचं अक्षर छान आहे. मराठी करा आणि पाटी रंगवा."

मी दोन दिवस डिक्शनरी घेऊन बसले. एकेक शब्द शोधला. फार अभिमान वाटत होता. इंग्रजी कागद मराठी करणारी आमच्या घरातली मी पहिलीच. कागदात भीतीदायक असं काही नव्हतं. हे विष आहे असं कुठे लिहिलं नव्हतं. साध्या साध्या गोष्टी होत्या. माल कोरड्या जागी ठेवा. लाकडी फळ्यांवर ठेवा, जमिनीला टेकवू नका. पिशवीचं तोंड बंद ठेवा. थप्पी फार उंच लावू नका, ढासळते. पिवळा माल उष्णतेपासून लांब ठेवा. धूळ उडू देऊ नका. धूळ खेचून घेणारा पंखा बसवा. मास्क लावा, डोळ्यांना चष्मा लावा. सांडलं तर कोरडा झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. कामाच्या जागी खाऊपिऊ नका. जेवणाआधी साबणाने, स्वच्छ पाण्याने हात धुवा. कामाचे कपडे कामावरच बदला, घरी नेऊ नका. छातीचा, दम्याचा त्रास असेल त्या माणसाला धुळीत काम देऊ नका.

साहेबांनी लाल पेन काढलं.

"हे ठीक. हे ठीक. मास्क नको. मास्क लिहिला की मास्क द्यावा लागतो. आपण पाटी लिहितोय, वचननामा नाही." पुढच्या ओळीवर आले. "झाडू मारायचा नाही? मग काय फुंकर मारायची?" आणखी पुढे. "स्वच्छ पाणी, साबण, कपडे बदलायला खोली... लग्नाचं कार्यालय आहे का हे?" शेवटची दम्याची ओळ त्यांनी काही न बोलता खोडली. दोनदा रेघ मारली.

मी कागद परत घेतला तेव्हा मला दिसलं. पावडरीची काळजी घेणारी प्रत्येक ओळ शिल्लक होती. माणसाची काळजी घेणारी प्रत्येक ओळ गेली होती. मला दिसलं आणि मी पाटी रंगवायला घेतली. पांढऱ्या फळीवर काळ्या अक्षरांत. वेलांट्या, उकार, सगळं जागच्या जागी. सुंदर झाली पाटी.

आई विहारातल्या साक्षरता वर्गात वाचायला शिकली होती, चाळिशी उलटल्यावर. पाटी लागली त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती पाटीसमोर उभी राहिली आणि बोट हवेत फिरवत वाचू लागली. "गो-ण्या को-र-ड्या जा-गी ठे-वा-व्या-त." तिच्या मागे चार बाया. "माझ्या पोरीनं ल्हिलंय," ती त्यांना म्हणाली. सगळी पाटी वाचायला तिला अर्धी सुट्टी लागली. संध्याकाळी घरी येताना हसत म्हणाली, "गोणीची लई काळजी हाय गं त्यात."

मीही हसले. त्या गुरुवारच्या किती आधीची ही गोष्ट. तेव्हाच बोलले असते तर तिला चिठ्ठी घेऊन त्या खुर्चीसमोर उभं राहावं लागलं नसतं.

त्या गुरुवारी मी दुपारी घरी गेले, तर आई पांढरी साडी घडी करत होती. न लागलेला डाग शोधावा तशी ती साडी पुन्हा पुन्हा उलगडून बघत होती. मी चहा ठेवला. कप हातात घेऊन ती म्हणाली.

"माझ्या आज्जीच्या वेळंला इटाळ व्हायचा. आपल्याला आता रंग लागतो म्हंत्यात. मला वाटायचं, बरंय. रंग हाय तर धुता तरी येतो."

 खोकला आला, तो जाऊ दिला.

"आज अंगाला रंग न्हवता गं."

मला तिथे रडू आलं. तिला वाटलं, मी पेपरासाठी रडतेय. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी माझ्या "नाही"साठी रडत होते, आणि ते तिला सांगायचं धाडस मला झालं नाही.

पुढच्या बुधवारी त्या ठोकळ्यांच्या कंपनीची दोन माणसं आली. एक वयस्कर गृहस्थ आणि एक माझ्याच वयाची मुलगी, गळ्यात ओळखपत्राची पट्टी. सकाळीच साहेबांनी कपाटातून मास्कचा नवा खोका काढला. चौदा बायांना चौदा मास्क. "फोटो झाले की परत द्या हं, नीट. दोऱ्या ताणू नका." बायांना रांगेत उभं केलं. एरवी बंद असलेला पंखा चालू केला. पिंप मागे नेऊन ठेवलं.

साहेबांनी माझ्या हातात फाईल दिली. त्यात मी टाईप केलेला कागद होता. वर एकच वाक्य: "मला सर्व सूचना वाचून दाखवल्या असून त्या मला समजल्या आहेत." खाली चौदा रेघा. त्याच्या मागे मूळ इंग्रजी कागद, आणि त्याच्याही मागे माझा पहिला मराठी मसुदा, लाल रेघांसकट. मीच तो फाईलला लावून ठेवला होता. का, ते मला सांगता येत नाही.

"पाटी मोठ्याने वाचा आणि सह्या घ्या," साहेब म्हणाले.

मी वाचू लागले. "गोण्या कोरड्या जागी ठेवाव्यात. गोण्या लाकडी फळ्यांवर ठेवाव्यात." आई रांगेत तिसरी होती. मास्कच्या आत तिला खोकल्याची उबळ आली. तिने मास्क खाली ओढला, खोकली, पुन्हा वर केला. पांढऱ्या मास्कवर तिची बोटं लाल उमटली. आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. ती पाटीकडे बघत होती, माझ्याबरोबर ओठ हलवत वाचत होती. माझ्या अक्षरावर तिचा विश्वास होता. तिच्या आयुष्यात तिने स्वतः वाचलेलं सगळ्यात मोठं लिखाण ती पाटी होती.

मी वाचायचं थांबवलं.

साहेब म्हणाले, "हं, पुढे."

मी फाईल उलटली. मागचा कागद वर घेतला. माझ्या तोंडातून निघालं ते घरचं निघालं.

"आणखी हाय. कागदात आणखी हाय. ते मी पाटीवर ल्हिलं न्हाई."

आणि मी वाचलं. धूळ उडू द्यायची न्हाई. मास्क रोज द्यायचा. कोरडा झाडू मारायचा न्हाई. जेवायच्या आधी साबण आणि सोच्छ पाणी. कापडं घरी न्यायची न्हाईत.

"अहो, ते राहू द्या," साहेब म्हणाले. आवाज मऊच. मग पाहुण्यांकडे वळून, "नवीन आहे. घाबरली."

मी घाबरले होतेच.  तरी शेवटची ओळ राहिली होती.

"छातीचा तरास आसंल त्या माणसाला धुळीत काम द्यायचं न्हाई."

 ओळखपत्रवाली मुलगी म्हणाली, "सर, हे तर बेसिक आहे ना?" वयस्कर गृहस्थांनी घड्याळ बघितलं. तिने तिच्या कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला कधी कळलं नाही.

साहेबांनी स्वतः पेन घेतलं आणि आईपुढे धरलं. रांगेत दोघी आधी होत्या, तरी आईपुढेच धरलं. "मावशी, तुम्ही जुन्या. करा सही, म्हणजे बाकीच्या करतील."

आईने मास्क काढला. घडी घातली. पेन घेतलं नाही.

"आता तिनं वाचलं ते पाटीवर कुठं हाय, सायेब?"

"सही करा आधी," साहेब म्हणाले. माझ्या आठवणीत ते पहिल्यांदाच "अहो" म्हणायचं विसरले. आईने सही केली नाही. आणखी सहाजणींनी केली नाही. बाकीच्यांनी केली. त्यांना मी नावं ठेवत नाही, त्यांच्या घरच्या चुली मला ठाऊक आहेत.

दुसऱ्या दिवशी गुरुवार, मी ऑफिसला गेले नाही. शुक्रवारी सकाळी वॉचमनने फाटकातच सांगितलं, "दोघींनी येऊ नका म्हणालेत." फाटकाच्या फटीतून माझी पाटी दिसत होती. जशीच्या तशी.

परत येताना आई माझ्या पुढे चालत होती. सिंहगड रस्ता लागला. मग न थांबता म्हणाली, "येवढं समदं होतं व्हय त्यात."

"होतं, आई."

"मग त्या दिशी न्हाई का म्हन्लीस?"

 नोकरी जाईल म्हणून, असं म्हणता आलं असतं. पण ते पुरं खरं नव्हतं. त्या बेसिनजवळ उभं राहायला मला आवडायला लागलं होतं. ती खुर्ची, जिच्यावर माझ्यासाठी पेपर अंथरत नव्हते, ती मला माझी वाटायला लागली होती. आई पेपरासमोर उभी होती आणि मी पेपराच्या पलीकडे, साहेबांच्या बाजूला बसले होते. हे मी तिला सांगितलं नाही. तिला कळलं असणार.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. फक्त त्या दिवसापासून तिने मला काही वाचायला दिलं नाही. लाईटचं बिल, औषधाची चिठ्ठी, रेशनचा कागद, सगळं घेऊन शेजारच्या म्हातारीच्या नातवाकडे जायची. मी समोर बसलेली असायचे. "तुला कशाला तरास," म्हणायची. चार वर्षं जगली ती त्यानंतर. चार वर्षांत एकदाही नाही.

शेवटचा एक्स-रे डॉक्टरांनी उजेडात धरून मला दाखवला. पांढरे ठिपके, गोणीतून सांडावेत तसे. ही धूळ एकटी सहसा जीव घेत नाही, ते म्हणाले. पण दमा आधीपासून होता, त्यात वर्षानुवर्षं ही भर. वेळीच धुळीतून काढायला हवं होतं. मी म्हणाले, हो, तसं कागदात लिहिलेलं होतं. त्यांना कळलं नाही मी काय म्हणतेय.

आईला शेवटची आंघोळ आम्ही बायांनी घातली. मी मोरीशी बसून होते. पाणी स्वच्छ गेलं. गटारापर्यंत स्वच्छ गेलं. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि मला ते लाल पाणी हवंसं वाटलं. ते लाल असायचं तेव्हा ती घरी आलेली असायची.

पुढे ऐकलं की त्या गोडाऊनमध्ये नळ बसवला. खरंखोटं माहीत नाही. बसवला असला तरी आईचे हात त्याच्याखाली गेले नाहीत. त्यामुळे मला त्या नळाचं कौतुक सांगू नका.

आता मी दुसरीकडे हिशेब टाईप करते आणि सुट्टीच्या दिवशी धायरी, नऱ्ह्याच्या गोडाऊनांत जाते. रंगाची असोत, सिमेंटची असोत, कसलीही. ऑफिसात जाऊन मूळ कागद मागते. कुणी खुर्चीवर पेपर अंथरला तर तो उचलते, घडी घालते, त्यांच्या हातात देते आणि मग बसते. कागद देत नाहीत, तर मिळेपर्यंत उठत नाही. मिळाला की फाटकाशी बायांमध्ये उभी राहते आणि आमच्या बोलीत वाचते, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. कुणी म्हणालं, एवढं पुरे, तर मी आवाज वाढवते.

वाचून झालं की कुणीतरी एक बाई हमखास विचारते, खरंच हाय का गं हे त्या कागदात?

मी कागद तिच्या हातात देते. ओळीवर तिचं बोट धरून ठेवते.

हाय, म्हणते. हाय.